डाग दिसल्यास

बंगळूर
६ जानेवारी २०२५

गहिनीनाथकाका यांस,

नमस्कार. ड्रॉइंग, तांब्याचं प्रमाणपत्र आणि ऑर्डर मेलवर पोचली असेल. ते सगळं इंग्रजीत आहे आणि ऑफिसचं आहे. फोन तुम्हाला ऐकू येत नाही. तीस वर्षं पॉवर प्रेसशेजारी उभं राहिल्यावर कोणालाच आला नसता. माझ्या ऑफिसच्या मेलमधला शब्द न् शब्द जपून ठेवला जातो. म्हणून बाकीचं कागदावर लिहिते आहे.

ही तबकडी कशासाठी, असं तुम्ही विचारलं होतं. क्ष-किरणांचा लेझर हे किलोमीटरभर लांबीचं यंत्र असतं. त्यात इलेक्ट्रॉनांचे पुंजके जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पळवतात आणि चुंबकांच्या रांगेतून नागमोडी नेतात. त्यातून इतके तीव्र आणि इतके क्षणभंगुर क्ष-किरण निघतात की रेणू हलताना दिसावा. आम्ही ते यंत्र बांधत नाही. आम्ही त्याचा पहिला हातभर भाग बांधतो, जिथे इलेक्ट्रॉन जन्माला येतात. त्याला इंजेक्टर म्हणतात, आणि त्यातल्या तांब्याच्या पोकळ नळकांड्याला गन. तुमची तबकडी म्हणजे त्या गनची मागची भिंत. तिच्या मधोमध अतिनील लेझरचा झोत आपटतो. साधारण लाखभर प्रकाशकण आपटले की एक इलेक्ट्रॉन सुटतो.

इलेक्ट्रॉन नुसते जास्त असून भागत नाही. ते लहानशा जागेतून निघाले पाहिजेत आणि सगळे जवळजवळ एकाच दिशेने निघाले पाहिजेत. पुढे किलोमीटरभर कितीही चांगली यंत्रं लावली तरी हा गुण वाढत नाही, बिघडू मात्र शकतो. सुरुवातीला जे मिळेल तेच सर्वात चांगलं. म्हणून तबकडीचा पृष्ठभाग दहा नॅनोमीटरच्या आसपास गुळगुळीत हवा. पॉलिश करून नव्हे, हिऱ्याच्या टूलने कापून.

मराठीत एक कागद जोडला आहे, तो भिंतीवर लावा. शेवटच्या कापानंतर तबकडीला हात, कापड, कागद काहीही लागू नये. मास्क आणि हातमोजे घालावेत. तबकडी नायट्रोजनच्या डब्यात सील करावी. एकही डाग असलेली तबकडी स्वीकारली जाणार नाही.

एप्रिलमध्ये आमची समिती बसेल. ही तबकडी चालली तर पुढच्या तीन पूर्ण गन तुमच्याकडे येतील. नाही तर परदेशी कंपनीकडे जातील. तुमचं नाव मी सुचवलं आहे. नगरच्या एमआयडीसीत असं काम होतं यावर दोन सदस्यांचा विश्वास नाही.

आणखी एक. अब्बा रोज तुमच्याकडे येऊन बसतात. त्यांना या कामापासून लांब ठेवा. पुरवठादाराकडे माझं कोणी नातेवाईक नोकरीला आहे का, असा फॉर्मवर प्रश्न होता. मी 'नाही' लिहिलं. ते नोकरीला नाहीत, त्यामुळे उत्तर बरोबर आहे. हे त्यांना सांगायची गरज नाही.

नाझनीन


अहिल्यानगर, एमआयडीसी
२१ जानेवारी २०२५

बाळ नाझनीन,

तुझा कागद भिंतीवर लावला. करणने तो वाचला आणि विचारलं, पप्पा, श्वास घ्यायला परवानगी आहे का? मी म्हटलं, अर्ज कर, बंगळूरला पाठवतो.

तबकडी आज पहाटे झाली. आपलं हवेच्या स्पिंडलचं लेथ तुला आठवत असेल. प्रिंटरमधले आरसे करायला घेतलं होतं, मग ती ऑर्डरच बंद पडली आणि तीन वर्षं त्याच्यावर चादर होती. शेजारचे प्रेस आठला सुरू होतात, मग जमीन हलते. म्हणून शेवटचा काप पाचला घेतला. पंखे बंद, नळ बंद, करणला सांगितलं की चालूसुद्धा नकोस. मध्यभागी पाच ठिकाणी मोजलं, नऊ नॅनोमीटर. मी मापाचा कागद करणला तीनदा मोठ्याने वाचायला लावला. ऐकू आलं नाही, पण त्याचे ओठ बघायला बरं वाटलं.

गुरुवारी कुरियरवाला येईल.

नियाजला आत घेतलं नाही. तू म्हणालीस तसं. कारण तू सांगू नको म्हणालीस म्हणून सांगितलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही. दारातल्या स्टुलावर बसून होता. मला एवढं कळतं की ते तुझं ऑफिस आहे आणि तिथले नियम आहेत. पण तुला हेही माहीत असू दे की हा माणूस चाळीस वर्षं तांब्यात हात घालून जगला आहे. तिसगावात कोणाची पोरगी सासरी निघाली की तिची भांडी आधी नियाजच्या भट्टीवर यायची. भांडं काळं गेलं तर माहेरचं नाव जायचं. आता कोणी कल्हई लावत नाही, म्हणून इथे येतो, पेट्या बांधतो, चहात साखर कमी आहे म्हणून भांडतो. इतर सगळ्या पेट्या तोच बांधतो. ही बांधू नको म्हटल्यावर तो उठून बाहेर जाऊन उभा राहिला.

जेवत जा. तुझ्या पत्रात तू कशी आहेस याची एक ओळ नाही, मी दोनदा शोधली.

गहिनीनाथकाका


बंगळूर
४ मार्च २०२५

गहिनीनाथकाका यांस,

मी बरी आहे.

तबकडी २८ जानेवारीला मिळाली. मध्यभागी पाच बिंदूंवर मोजली, तुमच्याशी आकडे जुळले, आणि गनमध्ये बसवली. त्यानंतर पाच आठवडे गनमधली शक्ती रोज थोडी थोडी वाढवत नेली. दर मिलिमीटरला एक लाख व्होल्ट इतकं विद्युतक्षेत्र आम्हाला हवं आहे. साठ हजारांवर अडकलो आहोत. त्यापुढे आत ठिणग्या पडतात.

शिवाय लेझर बंद असतानाही तबकडीतून इलेक्ट्रॉन बाहेर येतात. याला डार्क करंट म्हणतात. न बोलावलेले इलेक्ट्रॉन थोडे सगळ्याच गनमध्ये असतात, आमच्याकडे मर्यादेच्या चाळीसपट आहेत. पडद्यावर त्यांचं चित्र घेतलं. तबकडीच्या काठाजवळ, घड्याळात चार वाजतात त्या बाजूला, विळ्याच्या आकाराचा पट्टा उजळतो. तिथला पृष्ठभाग खरखरीत आहे. सूक्ष्म टोकांवर क्षेत्र एकवटतं आणि इलेक्ट्रॉन खेचले जातात.

माझा अंदाज असा की शेवटच्या कापाच्या वेळी हिऱ्याच्या टूलची धार गेलेली होती. पूर्ण कडं न दिसता विळा का दिसतो, हे मला कळलेलं नाही. पण दुसरं कारण सुचत नाही. टूल धार लावायला सुरतेला पाठवायचं, असं आपलं ठरलं होतं. ते पाठवलं होतं का? हो किंवा नाही, एवढं कळवा. समिती ३ एप्रिलला आहे.

नाझनीन


अहिल्यानगर
९ मार्च २०२५

नाझनीन,

नाही पाठवलं. धार गेली होती. चूक माझी आहे. समितीला तसंच सांग. तीन गनचं काम गेलं तर जाऊ दे.

नियाजला यातलं काही कळवू नकोस. त्याचे रोजे चालू आहेत.

गहिनीनाथ


बंगळूर
२४ मार्च २०२५

गहिनीनाथकाका यांस,

तुमचं पत्र चार ओळींचं होतं. तुम्ही मला आजवर दोन पानांपेक्षा कमी कधी लिहिलेलं नाही. तरीही मी त्यावर आठवडाभर विश्वास ठेवला, कारण ते माझ्या अंदाजाशी जुळत होतं.

गेल्या बुधवारी गन उघडली आणि तबकडी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मी नववीत असताना तुम्ही मला लेथवर उभं केलं होतं आणि सांगितलं होतं की लेथची चूक नेहमी गोल फिरते. विळा दिसला तेव्हाच मला हे आठवायला हवं होतं. या तबकडीवरचे ओरखडे गोल फिरत नाहीत. ते पुढेमागे गेलेले आहेत, अर्धवट कमानीसारखे, एकावर एक. ते हाताने घासल्याचे ओरखडे आहेत. अंगठ्याच्या जोराने, उजव्या हाताने.

मग त्या पट्ट्यात कोणती मूलद्रव्यं आहेत ते तपासलं. तांब्याशिवाय दोन निघाली: क्लोरीन आणि कथील.

तांब्याच्या तबकडीवर कथील कुठून आलं यावर आमच्या गटात अर्धा तास चर्चा झाली. मी काही बोलले नाही. नवसागराच्या धुराचा वास आमच्या घरातल्या पडद्यांनाही यायचा. शाळेत माझ्याशेजारी बसायला मुली कुरकुर करायच्या. क्लोरीन नवसागरातून येतं, आणि कथील आणि नवसागर एकत्र कुठे असतात हे मला कोणी सांगायला नको.

चर्चेच्या शेवटी एकाने सुचवलं की ते आमच्याच सोल्डरिंगच्या टेबलावरून आलं असावं. त्या टेबलावर पार्थ नावाचा टेक्निशियन काम करतो. तो कंत्राटावर आहे आणि त्याचं कंत्राट एप्रिलमध्येच संपतं. तबकडी बसवताना तो हजर होता. सगळ्यांनी मान डोलावली. समितीपुढे हेच कारण जाईल, आणि मी गप्प राहिले तर माझं काहीही बिघडणार नाही. फॉर्म बरोबर, वर्कशॉप निर्दोष, गन तुमच्याकडे. फक्त पार्थ जाईल.

काय झालं ते मला क्रमाने लिहून पाठवा. कोणाला वाचवू नका. मलाही.

नाझनीन


अहिल्यानगर
२८ मार्च २०२५

बाळ नाझनीन,

क्रमाने लिहितो.

टूल मी सुरतेहून धार लावून आणलं होतं. डिसेंबरमध्येच. त्याची पावती आहे. धार गेली नव्हती.

२१ तारखेला पहाटे काप झाल्यावर मी तबकडीवर वाकून पाहिलं. मास्क गळ्यात ओढलेला होता. एवढा साफ आरसा मी आयुष्यात केला नव्हता. त्यात माझं तोंड दिसलं आणि मी करणला म्हणालो, बघ रे, म्हातारा किती देखणा आहे. बोलताना थुंकीचा थेंब उडाला असणार. तेव्हा दिसला नाही. डबा सील करायचा राहिला होता, नायट्रोजनची टाकी दुसऱ्या दिवशी यायची होती. दुसऱ्या दिवशी काठाजवळ ज्वारीच्या दाण्याएवढा तपकिरी डाग. तर डाग माझा आहे, हे आधी लिहून ठेव.

मी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. एकही डाग असलेली तबकडी स्वीकारली जाणार नाही. पुन्हा काप घ्यायचा तर टूलला पुन्हा धार, म्हणजे पंधरा दिवस, आणि कुरियरवाला दुसऱ्या दिवशी यायचा. मी डोक्याला हात लावून बसलो. नियाजने दारातून विचारलं, काय झालं. मी सांगितलं. मग करणला सुरतेला फोन लावायला सांगून त्याच्या मागे ऑफिसात गेलो.

परत आलो तर नियाज आत जमिनीवर बसलेला. मांडीवर धुतलेला रुमाल, रुमालावर तबकडी, शेजारी त्याची ती जुनी पत्र्याची कल्हईची पेटी उघडी. कापसाचा बोळा हातात. मी ओरडलो असणार, कारण करण धावत आला.

नियाज म्हणाला, "गेला डाग. बघ."

समोरच्याचं बोलणं मला ओठांवरून कळतं. नियाजचं पाठीवरूनही कळतं.

मी म्हणालो, "त्याला हात लावायचा नव्हता रे."

"तुला नव्हता," तो म्हणाला. "माझ्या पोरीचं भांडं हाय ते. डाग घेऊन जायाचं व्हय तिनं, तिथं साहेबाम्होरं?"

मग तबकडी रुमालात धरून माझ्याकडे देताना तो खाली बघत म्हणाला, "तिच्या लग्नाची भांडी करायची ऱ्हायली, ती ऱ्हायलीच. म्हटलं येवढं एक तरी आपल्या हातून जाऊ दे."

मी ती खिडकीशी नेऊन पाहिली. डाग खरंच गेला होता. डोळ्याला आरसाच. मी मध्यभागी पुन्हा मोजलं, नऊ नॅनोमीटर. काठ मोजला नाही. मोजला असता तर पाठवता आली नसती.

नियाजला अजून वाटतं की ती तबकडी तुमच्याकडे चालते आहे. मला विचारतो, चमकतेय का अजून. मी मान हलवतो. बहिऱ्या माणसाला मान हलवायची सवय असते.

आता तुला जे करायचं ते कर. मी टूलबद्दल खोटं लिहिलं, ते तुझ्या बापासाठी लिहिलं. तुला ओळखतो म्हणून चार ओळींत उरकलं. लांब लिहिलं असतं तर तू लगेच पकडलं असतंस.

काका


बंगळूर
५ एप्रिल २०२५

गहिनीनाथकाका यांस,

समिती परवा झाली. तुमच्या पत्रातला मजकूर मी इंग्रजीत करून अहवालाला जोडला. अब्बांचं साहेबाम्होरंपासूनचं बोलणं आणि काठाच्या पुढचा भाग वगळला. त्याचा तांत्रिक कारणाशी संबंध नाही.

डाग कसा पडला, तो कसा घासला गेला, काठ का मोजला गेला नाही, हे सांगितलं. आम्हीही काठ मोजला नव्हता, हेही सांगितलं. मग सांगितलं की ज्यांनी तबकडी घासली ते माझे वडील आहेत.

अध्यक्षांनी फॉर्म मागवला. विचारलं, हे उत्तर लिहिताना वडील तिथे रोज जातात हे तुम्हाला माहीत होतं का. मी हो म्हटलं. मग 'नाही' का लिहिलं? मी म्हटलं, प्रश्न नोकरीचा होता.

"तुम्ही मोजमाप करणाऱ्या आहात," ते म्हणाले. "इथेही मधलेच पाच बिंदू मोजलेत?"



निर्णय असा. खरेदीच्या कामातून मला काढलं आहे आणि फाइलला शेरा लागला आहे. मोजमापाचं काम माझ्याकडे राहील, पण नगरहून येणाऱ्या कोणत्याही वस्तूचं नाही. तीन गनचा निर्णय पुढे ढकलला. तुम्हाला आणखी एक तबकडी पाठवायची संधी आहे. एक सदस्य म्हणाले की पुरवठादार स्वतःच्या चुकीचा एवढा नीट वृत्तांत लिहून देतो असं त्यांनी पाहिलेलं नाही. त्यांनी तुमचं आधीचं पत्र पाहिलेलं नाही, चार ओळींचं. ते मी जोडलं नाही. ते जोडायला हवं होतं का, हे मी ठरवू शकलेले नाही.

पार्थचं नाव अहवालात कुठेही नाही. काल त्याने मला चहा हवा का विचारलं. त्याला काही माहीत नाही.

ईदला मी घरी आले नाही. काल शुक्रवार, अब्बांचा फोन आला. त्यांनी विचारलं, जेवलीस का. मी हो म्हटलं. मी विचारलं, गुडघा कसा आहे. ते म्हणाले, आहे. मला त्याच वेळी सांगायचं होतं. अकरा मिनिटांचा फोन झाला आणि मी सांगितलं नाही. तुम्ही सांगा. सौम्य करून सांगितलं तरी चालेल, पण खोटं सांगू नका. त्यांना आत का घेतलं नव्हतं, तेही सांगा. फॉर्मचं.

सोबत नवा कागद आहे. भिंतीवरचा जुना काढून टाका.

नाझनीन


अहिल्यानगर
१४ जून २०२५

बाळ नाझनीन,

उशीर झाला, कारण लिहिण्यासारखं काही होईपर्यंत थांबलो.

नियाजला मी एप्रिलमध्येच सांगितलं. त्याच्या घरी जाऊन, जहिराभाभी समोर असताना. ती असली की तो उठून जात नाही. सगळं सांगितलं, ओरखडे, ठिणग्या, तुझा फॉर्म. तो ऐकत राहिला. भाभीने विचारलं, मग पोरीची नोकरी? मी म्हटलं, आहे. नियाजने एकच विचारलं, डाग ठेवला असता तर चाललं असतं का. मी म्हटलं, डाग ठेवून तिला कळवलं असतं तर तिने काहीतरी सांगितलं असतं. तो म्हणाला, "कागदावर तसं न्हवतं."

बरोबर आहे त्याचं. नव्हतं.

नंतर तो नऊ दिवस वर्कशॉपला आला नाही. दहाव्या दिवशी करणने जाऊन स्कूटरवर बसवून आणला, म्हणाला, चाचा, पेट्या पडून आहेत आणि पप्पा बांधतात त्या रस्त्यात सुटतात. येऊन स्टुलावर बसला. समोर भिंतीवर तुझा नवा कागद. तो मराठी सावकाश वाचतो, तुला माहीत आहे. बोट ठेवून वाचत होता. शेवटच्या दोन ओळींवर बोट बराच वेळ होतं. "डाग दिसल्यास पुसू नये. कळवावे. कळवणाऱ्याला डाग कसा पडला हे विचारले जाणार नाही."

विचारलं, हे कुणी लिहिलं. मी म्हटलं, कोणी लिहिलं असेल?

दुसरी तबकडी मेच्या अखेरीस कापली. मास्क असा बांधला होता की कानाला वळ उठले. काठासकट तीस ठिकाणी मोजली, सगळीकडे नऊ-दहा. करण डबा बंद करायला निघाला. नियाज दारातच होता, उंबऱ्याच्या बाहेर. म्हणाला, बल्ब बाजूला धर. करणने धरला. अजून खाली. धरला. मग म्हणाला, "गहिनी, कळव."

आम्हा दोघांना काही दिसत नव्हतं. भिंग आणून पाहिलं तर होता. सुईच्या टोकाएवढा, वरच्या बाजूला. मोजण्याच्या सुईचाच असावा. चाळीस वर्षं भांड्यात तोंड बघत बसलेला माणूस, त्याला दाराबाहेरून दिसला.

तुमच्या ऑफिसला मेल केला. कोणी विचारलं नाही कसा पडला. उत्तर आलं, पुन्हा काप घ्या, वेळ वाढवून दिला आहे. टूल सुरतेला जाऊन आलं. मंगळवारी पुन्हा कापली. या वेळी दाराबाहेरून तपासणी होऊनच डबा सील झाला. कुरियरवाला म्हणाला, काका, ह्याच्यात सोनं हाय का? नियाज म्हणाला, तांबं हाय, सोन्याला कोण एवढं जपतंय.

पेटी त्यानेच बांधली. हे आधी तुमच्या ऑफिसला लेखी कळवलं, नाव आणि नातं टाकून. त्यांनी हरकत नाही म्हटलं.

काका


बंगळूर
३० ऑगस्ट २०२५

गहिनीनाथकाका यांस,

दुसऱ्या तबकडीचं मोजमाप माझ्याकडे नव्हतं, त्यामुळे निकाल मला इतरांबरोबरच कळला, गुरुवारी बैठकीत.

विद्युतक्षेत्र एक लाख चार हजारांपर्यंत गेलं आणि दोन आठवडे टिकलं. डार्क करंट मर्यादेच्या आत आहे. पडद्यावर काठाजवळ काही उजळत नाही. इलेक्ट्रॉनांच्या झोताची पसरण आम्हाला हवी होती त्याहून थोडी जास्त आहे. ती लेझरच्या ठिपक्यामुळे आहे, तबकडीमुळे नाही. ते आमचं काम आहे. तीनपैकी एक गन तुमच्याकडे येईल, दोन परदेशी कंपनीकडे. पत्र मेलवर येईलच. मी त्या निर्णयात नव्हते.

अध्यक्षांनी तुमच्या भिंतीवरचा कागद मागवून घेतला. तो आता आमच्या इथल्या स्वच्छ खोलीतही लावला आहे, इंग्रजीत. भाषांतर मी केलं नाही. 'कळवणाऱ्याला' हा शब्द त्यात गळला आहे, पण बाकी अर्थ आला आहे. लावल्यापासून दोन महिन्यांत अकरा डाग कळवले गेले. त्याआधीच्या वर्षात एकही नव्हता.

तुम्ही विचाराल म्हणून लिहिते: मी जेवते. फाइलवरचा शेरा तीन वर्षं राहील. तो बरोबर आहे.

दसऱ्याच्या सुट्टीत घरी येते आहे, आठ दिवस. अब्बांशी काय बोलायचं हे मी ठरवलेलं नाही. फोनवर अजून गुडघ्यापर्यंतच येतं.

पहिली तबकडी भंगारात निघाली होती. मी रीतसर अर्ज करून, गेटपास घेऊन ती माझ्याकडे ठेवली आहे. गन उघडल्याला पाच महिने झाले, तेव्हापासून ती उघड्या हवेत आहे. टेबलावर आहे आणि पूर्ण काळी पडली आहे. तो विळा आता कुठे होता हेही डोळ्यांना कळत नाही. ती मी बरोबर आणते आहे.

अब्बांना सांगा, कल्हईची पेटी काढून ठेवा. नवसागर संपला असेल तर मी येताना घेईन.

नाझनीन